गावदेवीचे चांदीचे डोळे

माझं शिक्षण चौथीपर्यंतच झालं. अक्षर किरटं आहे, शुद्धलेखनाच्या चुका होतात, त्याची आधीच माफी मागते. खरं तर हे कोणाला दाखवायचं नाही. पण हिराबायची आठवण आली की मन भरून येतं, आणि बोलून सांगायला मला कधी जमलं नाही, म्हणून लिहिते.

साठ सालाच्या पुढेमागे लग्न होऊन मी रत्नागिरीकडून मुंबईजवळ नवघरला आले. तेव्हा इथे भातशेती होती आणि त्यापलीकडे मिठागरं. हिराबायच्या पडवीला लागून असलेल्या खोलीत आम्ही भाड्याने राहायचो. तिला जुना दमा होता. थंडीत तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज यायचा. तरी दर मंगळवारी ती गावदेवीला जायचीच, आणि मी सोबतीला. आधी विहिरीच्या कट्ट्यावर, मग चिंचेखाली, मग देवळाच्या पायरीवर, अशी बसत बसत ती पोचायची. मला मनातून देवीचाच राग यायचा. एवढी भक्ती करणाऱ्या बाईला साधा श्वास देता येऊ नये? शेजारची यमुना तर तोंडावर म्हणायची, "देवी देवी करतेस, ती बघते का तुज्याकडं?"

हिराबाय धापा टाकत हसायची. "कशी बघल? शेंदराखाली डोले झाकलेत तिचे. चांदीचे डोले घालीन, मंग बघल."

त्या डोळ्यांसाठी ती खरोखरच अंडी विकून पत्र्याच्या डब्यात पैसे टाकत होती. मी एकदा विचारलं, "दमा बरा व्हावा म्हणून नवस बोललात का?"

"न्हाय गं. तिच्या घरी जाऊन आपलंच दुखनं सांगत बसलं तर ती पन कंटालंल."

माझी मुलगी दीड वर्षाची असताना एका दुपारी तिला तापात आकडी आली. डोळे फिरले, अंग ताठ झालं. आमचे हे गिरणीत कामावर गेलेले. डॉक्टर पार स्टेशनजवळ. पोरीला मांडीवर घेऊन मी नुसती रडत बसले. हिराबायने डबा पदराखाली घेतला आणि बाहेर पडली. मला वाटलं, ही कुठवर जाणार?

थोड्या वेळाने दारात मिठाची लॉरी येऊन थांबली. हिराबाय ड्रायव्हरशेजारी बसली होती. तो म्हणाला, "माई रास्ते के बीच में हाथ फैलाके खडी थी. जल्दी बैठो, बहन." त्याने आम्हाला दवाखान्यात पोचवलं, पैसे घेतले नाहीत. तो पुन्हा कधी दिसलाही नाही.

पोर वाचली. इंजेक्शनांत आणि औषधांत डबा रिकामा झाला. घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं की लॉऱ्या जातात तो मोठा रस्ता तर देवळापेक्षा लांब आहे. मी विचारलं, "वाटेत कुठे बसलात?"

ती जरा गोंधळली. "बसायचं ध्यानातच न्हाय आलं."

"आणि देवीचे डोळे? ते राहिले ना."

"राहू दे. बिनडोल्याचंच बघलं की तिनं."

आम्ही पैसे परत द्यायचं म्हणत होतो, पण हातात उरत नव्हते. पुढच्या थंडीत दम्यानेच ती गेली. शेवटच्या दिवसांतही माझ्या मुलीला जवळ बसवून अंगाई म्हणायची, अर्ध्या ओळीवर थांबायची, श्वास घ्यायची, पुन्हा म्हणायची. तिला असं बघूनही मला देवीचा राग आला नाही. देवीने कोणाला काय द्यावं हे आपण ठरवू नये, समोर येईल ते काम उचलावं, एवढं मला हिराबायमुळे कळलं. तो लॉरीवाला कोण, तिचा श्वास त्या दुपारी कसा टिकला, याचा मी शोध घेत नाही. हात जोडते.

नंतर मी पापड लाटून थोडे थोडे पैसे सोनाराकडे देत गेले. मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा डोळे घडून आले. मंगळवारी तिला घेऊन निघाले. विहिरीच्या कट्ट्यावर बसलो, चिंचेखाली बसलो, पायरीवर बसलो. मुलगी म्हणाली, "आई, दमलीस?" मी नाही म्हटलं. पुजाऱ्याने शेंदूर पुसून डोळे बसवले. हिराबायचे पैसे त्या दिवशी पुरते फिटले.