पुअर शब्दाची पाच वाक्यं

"मावशी, जरा पुढे या. इथं बोर्डापाशी उभ्या राहा."

मॅडमनी बोलावलं तेव्हा माझ्या हातात डस्टर होतं. त्या संध्याकाळी क्लासमध्ये डेमो लेक्चर होतं. म्हणजे नव्या पोरांचे आईबाप मागं बसून शिकवणं बघतात, पटलं तर नाव घालतात. मॅडमनी बोर्डावर एक इंग्रजी शब्द लिहिला होता. पुअर. त्याला बाण काढून अर्थ लिहिले होते. गरीब. बिचारा. हलक्या प्रतीचा. अधू. कच्चा. कडेला त्याचे भाऊबंद, नीडी, पेनिलेस, इन्फीरिअर, वीक.

"पुस्तकातली वाक्यं नकोत," मॅडम पोरांना म्हणाल्या. "समोर दिसतंय त्यावर बनवा."

समोर मी दिसत होते.

एक पोरगा उठला. मावशी इज अ पुअर वुमन. शाब्बास. मग एक मुलगी. पुअर मावशी, शी वर्क्स ऑल डे. हे बिचारीवालं. तिसऱ्यानं माझ्या साडीवर केलं, पुअर क्वालिटी म्हणून. चौथ्याला माझा दोरा बांधलेला चष्मा दिसला, शी हॅज पुअर आयसाइट. मागं आईबाप हसत होते. वाईट मनानं नाही हो, कौतुकानं, पोरं किती हुशार म्हणून. तेच जास्त लागलं. मॅडम एकेक वाक्य बोर्डावर लिहीत होत्या आणि मी शेजारी उभी. मीही हसत होते. सगळ्यांना वाटत होतं, हिला कुठं कळतंय.

मला सगळं कळत होतं.

कसं ते सांगते. मी सातवीपर्यंत शिकलेली. लग्न होऊन मराठवाड्यातून तळवलीत आले, चाळीत. जवळच्या पावणे गावात एका कंपनीत पॅकिंगला होते, तिथं गेटावरच्या पाट्या वाचत वाचत इंग्रजी अक्षरं जुळवली. पहिला शब्द डेंजर. शेजारी कवटी काढलेली असते, म्हणून सोपा गेला. कंपनी बंद झाली, मग घणसोलीच्या या क्लासला लागले. झाडू, लादी, आणि दर तासानंतर बोर्ड पुसायचा. मॅडम रोज एक शब्द घ्यायच्या. पुसायच्या आधी मी तो उतरवून घ्यायचे. क्लासच्या जाहिरातीचे उरलेले कागद असायचे, मागून कोरे. घरी मोठा गठ्ठा झाला, जुन्या साडीच्या काठानं बांधलेला. रन, टर्न, ब्रेक. एकेका शब्दाच्या पोटात किती अर्थ! भाजी निवडताना पाठ करायचे.

एकदा मॅडमना विचारलं, काम उरकल्यावर मागच्या बाकावर बसू का. हसल्या. म्हणाल्या, या वयात काय करायचंय मावशी, उगाच टेन्शन. पहिल्या दिवशी आडनाव आणि गाव विचारलं तेव्हाही अशाच हसल्या होत्या. त्याच दिवसापासून माझा पेला वेगळा, झाडूच्या कपाटात. पाण्याचा फिल्टर मात्र मीच धुवायचे.

हे सगळं गिळलं नातीपायी. माझी नात त्याच वर्गात बसायची. आमच्या घराला ती फी झेपणारी नव्हती. मी काम करते म्हणून मॅडमनी तिला बसू दिलं, पण एक अट घातली. वर्गात आजी म्हणायचं नाही, बाकीच्या पालकांना बरं वाटत नाही. मग सगळी म्हणायची तसं तीही मला मावशी म्हणायला लागली. आधी अडखळायची, मग जीभ वळली. एकदा घरीसुद्धा तिच्या तोंडून मावशी आलं. दोघी हसलो. मी जरा जास्तच हसले.

तर, पाचवं वाक्य राहिलं होतं. कच्चावालं. मॅडमनी माझ्या नातीकडे बोट केलं. ती उठली. माझ्याकडे बघितलं नाही.

"मावशीज इंग्लिश इज पुअर."

सगळ्यांत जास्त टाळ्या तिला. रोज रात्री घरी माझा गठ्ठा मांडीवर घेऊन तीच माझे शब्द तपासायची. माझं किती येतं, ते त्या वर्गात तिला एकटीला माहीत होतं. तिच्यावर राग नाही माझा. बारा वर्षांची पोर, तिला त्या बाकावर टिकायचं होतं. इंग्रजी शिकायला पाठवली होती. ती हे शिकली. आणि मीच तिला हाताला धरून तिथं नेत होते.

तास संपला.

"मावशी, बोर्ड पुसा."

मी डस्टर टेबलावर ठेवलं. "नाही पुसणार."

मॅडमना वाटलं ऐकण्यात चूक झाली. पुन्हा म्हणाल्या. मी बोर्डाकडे वळले आणि पाचही वाक्यं बोट ठेवून मोठ्यानं वाचली. हळूहळू, पण एकही चुकलं नाही. मग म्हणलं, "ती तिसऱ्या बाकावरची माझी नात हाय. मी तिची आजी. हे तुमी लिहिलं, तुमीच पुसा."

नातीनं बाकावर डोकं टेकलं, ते मी बाहेर पडेपर्यंत वर केलं नाही.

दुसऱ्या दिवशी निरोप आला, दोघींनी यायचं नाही. मुलगा आणि सून माझ्यावर चिडले. नात महिनाभर बोलली नाही. बोलली तेव्हा एवढंच म्हणाली, "तुझ्यामुळं गेलं माझं." खरं आहे. तिचे इंग्रजीचे मार्क उतरले, तेही खरं. क्लास भरलेला असतो, तिथं दुसरी मावशी लागली आहे, बोर्ड रोज पुसला जातो. मी एका केटररकडे भाज्या चिरते. माझ्या बोलण्यानं कुणाचं काही बदललं नाही.

त्या दिवशीचा शब्द तेवढा उतरवायचा राहिला होता. मागच्या आठवड्यात लिहून काढला, पाचही वाक्यांसकट, आणि गठ्ठ्यात वरच ठेवला. नातीनं वाचला. शेवटच्या ओळीपाशी थांबली आणि उठून बाहेर गेली.

तिनं मला माफ करावं म्हणून मी थांबलेली नाही. कदाचित नाहीच करणार. पण इथून पुढं ज्या दारात जाईन, तिथं तिची आजी म्हणूनच जाईन. तसं जाता येत नसेल तिथलं काम नको मला, आणि तिथली विद्याही नको. उद्या पुन्हा त्याच बोर्डापाशी उभं केलं, नात समोर रडत बसली, तरी मी तो पुसणार नाही.