बिगुलातला चिंचोका

यंदाच्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला सकाळी सकाळी आमच्या घरात जे काही झालं ना... अजून आठवलं की आधी धडकी भरते, मग हसू येतं.

माझी लेक ऋतुजा इथं कळंबलाच नववीत आहे. यंदा शाळेच्या बँडमध्ये तिला बिगुल मिळाला. शाळा सुरू झाल्यापासून पोरगी शाळेमागच्या मोकळ्या प्लॉटवर फुंकतेय... सुरुवातीला तर शेजारची म्हैस दावं तोडायला बघायची! पण हळूहळू सूर लागला, आणि या झेंडावंदनाला पहिल्यांदाच तीच बिगुल वाजवणार होती.

त्यांच्या बँडच्या सरांची शिस्त मला फार आवडते. ज्यानं वाजवायचं, त्यानंच वाद्य सांभाळायचं. ड्रमवाल्या पोरी वाजवून झालं की ताण सैल करून ठेवतात, झांजवाल्या पोरी झांजेवर बोटाचा डाग राहू देत नाहीत.

कार्यक्रमाच्या सकाळी सर प्रत्येक वाद्य स्वतः तपासतात. जे ठीक नाही ते पेटीतच राहतं, आणि ते वाजवणारी पोरगी बाकीच्यांसोबत खाली बसते. मग रडून उपयोग नाही.

बिगुल तसा घरी न्यायचा नसतो, पण शेवटच्या सरावासाठी सरांनी परवानगी दिली. शाळेत बिगुल एकच, त्यामुळं बाईसाहेबांचा रुबाब काय विचारता! संध्याकाळी तो मऊ धोतराच्या फडक्यात गुंडाळून टेबलावर ठेवला आणि घरभर बजावून झालं... कुणी हात लावायचा नाही.

आता आमच्या आत्याबाई. म्हणजे माझ्या सासूबाई. पितळ काळं दिसलं की या बाईला घास गोड लागत नाही.

पहाटे उठून त्यांनी फडकं उघडून बघितलं. नातीचा एवढा मोठा दिवस, आणि पोरगी असलं कळकट घेऊन उभी राहणार? झालं... चिंच भिजवली, मीठ घेतलं आणि बसल्या न्हाणीत. देवाचा तांब्या आतून-बाहेरून घासतात तसाच बिगुल घासला, रुंद तोंडातून आत बोटं घालून चिंच कोंबून कोंबून!

मी बाहेर आले तर बिगुल नुसता लखलखत होता. "म्या लई चकचकीत केलाय बघ," म्हणत त्यांनी तो नातीच्या हातात दिला. तिनं ओठाला लावला, गाल फुगवले... आणि फुस्स. सूर नाही, काही नाही.

आत्याबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. "व्हय गं, म्या काय वाटोळं केलं का?" एवढंच म्हणाल्या. माझं तर डोकंच फिरलं होतं... "कुणी सांगितला होता हा उद्योग?" अगदी जिभेवर आलं होतं माझ्या.

ऋतुजाचे डोळे भरले होते. पण ती सरळ स्वयंपाकघरात गेली. गॅसवर पाणी कोमट केलं, बिगुलाचा ओठाला लावायचा भाग काढून धुतला, आणि नळीच्या त्या बारीक बाजूनं थोडं थोडं पाणी सोडायला लागली.

पाणी आत जाईना. आत काहीतरी अडकलेलं. घड्याळ पुढं पळत होतं आणि मी आपली तिच्या डोक्यावर उभी... "अगं, आपट की जरा!"

"आई, आपटला की पोचा पडतो. पोचा पडला की सूर बिघडतो." इतक्या शांतपणे म्हणाली की मीच दोन पावलं मागं सरले. आजारी लेकराला मांडीवर फिरवावं तसा ती बिगुल फिरवत होती, तळहातानं हलकं थोपटत होती, पुन्हा पाणी सोडत होती.

मग तिनं तो पातेल्यावर धरला आणि बारीक बाजूनं सगळा जीव एकवटून फुंकर मारली. टण्ण! चिंचेच्या चोथ्यासकट एक टपोरा चिंचोका पातेल्यात पडला. आत्याबाईंनी तिकडं देवाला हात जोडले.

नंतर सगळं पाणी काढणं, पुसणं, कोरडं करणं... केस विंचरायला वेळ उरला नाही, मी तिला स्कूटीवर मागं बसवून नेलं आणि वेणी शाळेच्या गेटवर घातली. सरांनी बिगुल हातात घेऊन फिरवून बघितला, वाजवायला लावला, आणि मान डोलावली. मी तेव्हा कुठं श्वास घेतला बघा.

झेंडा वर गेला आणि बिगुल वाजला. स्वच्छ, खणखणीत... आई शप्पथ, अंगावर काटा आला. आत्याबाई मिस्टरांबरोबर मागून आल्या होत्या, त्या पदर डोळ्याला लावून उभ्या.

कार्यक्रम संपल्यावर सगळ्या पोरी फोटोच्या मागं. आमची मात्र लिंबाखाली बसून बिगुलातलं पाणी झटकत होती. आत्याबाई हळूच तिच्यापुढं मातीतच बसल्या आणि म्हणाल्या, "मला बी दाव की, कसं पुसायचं ते. पुढल्या बारीला चुकायचं न्हाय."

"आज्जी, चिंच नाही, मीठ नाही, जोर नाही. नुसतं कोरडं फडकं." असं म्हणून तिनं बिगुल त्यांच्या मांडीवर ठेवला. ज्या बाई माझं एक अक्षर ऐकत नाहीत, त्या मान खाली घालून पुसत होत्या.

तेव्हापासून घरातल्या देवांनाही चिंच बंद झालीय, कोरडं फडकंच चालू आहे... देव काळे पडायला लागलेत, ते जाऊ द्या.

बँडच्या सरांना मनापासून थँक्यू. आणि लेकी, तुला काय म्हणू... सकाळी ज्या हातांनी घोटाळा केला, त्याच हातांत तू दुपार व्हायच्या आत बिगुल परत दिलास. मी असते तर वर्षभर जवळ फिरकू दिलं नसतं गं.