हातमोज्यांची पहिली ऑर्डर

काल कोऱ्या कापडाचा तागा उलगडला, खळीचा वास नाकात शिरला आणि मला नागापूरच्या एका कारखान्यातली ती खोली आठवली. वीसेक वर्षं झाली असतील.

कामगारांचे हातमोजे शिवून द्यायची पहिली ऑर्डर मागायला मी गेले होते. मांडीवरच्या नमुन्यांच्या पिशवीला हाच वास होता. शेजारी माझे पती यूनुस बसले होते. ते टेम्पो चालवायचे आणि मला फक्त सोडायला आले होते.

"आठवड्याला किती जोड द्याल?" खरेदीच्या साहेबांनी यूनुसना विचारलं.

"दोनशे," मी म्हणाले.

"शिलाई उसवली तर?" हेही यूनुसनाच.

"बदलून देऊ," पुन्हा मीच.

असं पाच-सहा वेळा झालं. माझं डोकं तापलं. शेवटी यूनुस उठले. "साहेब, मला काय इचारता? मला सुईत दोरा ओवता येत न्हाई. धंदा हिचा हाय." आणि ते सरळ बाहेर निघून गेले.

मला त्यांचाही राग आला. अशा वेळी एकटीला सोडून जातात का? साहेबांनी जरा वेळ दाराकडे पाहिलं. मग नमुना उचलून पहिल्यांदाच मला विचारलं, "अंगठ्याला दुहेरी शिलाई घालाल?"

"घालीन," मी म्हणाले आणि ऑर्डर घेऊनच उठले.

आज माझ्याकडे तीस बायका शिवतात, तरी येणारा माणूस "मालक कुठंयत?" असंच विचारतो. तेव्हा अजूनही डोकं तापतं. यूनुसवरचा राग मात्र केव्हाच गेला. तिथं बसून ते माझ्या बाजूनं बोलत राहिले असते, तर ऑर्डर त्यांच्याच नावानं निघाली असती.