काचेपलीकडचं बेट

आमच्या वर्तकनगरच्या वाचनालयात पुस्तकं आहेत. हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून तुम्हाला वाटेल नव्हतीच. काचेच्या कपाटात आहेत, कपाटाला कुलूप आहे, आणि किल्ली भाऊंकडे. भाऊ म्हणजे मंडळाचे अध्यक्ष. हॉलमध्ये कॅरम चालतो, वाढदिवसांचे केक कापतात. कपाट मात्र वर्षातून एकदा उघडतं, दसऱ्याला. हळदकुंकू, झेंडूची माळ, फोटो. परत कुलूप.

वाचनालयाच्या दारात हौसाबाई फुलं विकते. तिची नात अक्षदा, वय सात, शाळा सुटली की तिच्याजवळच. पोरगी अक्षरं शिकली ती फुलांच्या पुड्यांना आणलेल्या रद्दीवर. येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवायची, "ओ काका, हे काय लिवलंय?" रद्दी पुरेना तेव्हा कपाटाला जाऊन चिकटली. पुस्तकं बंद, पण त्यांच्या पाठीवरची नावं तर दिसतात! काचेला नाक लावून रोज नावं वाचायची आणि एकेका नावाची गोष्ट स्वतःच रचायची. सगळ्यात लाडकं नाव 'निळ्या छत्रीचं बेट'.

"जयाताई, बेट म्हणजे?"

"चारी बाजूंनी पाणी आणि मधे जमीन."

"म्हणजे जुलैतली आपली चाळ?"

मी हसले. मग वॉर्ड ऑफिसला फोन लावून भांडले, ते वेगळं.

किल्लीसाठी भाऊंकडे किती खेपा घातल्या असतील! "अहो, लहान मुलं पानं फाडतात. इतकी वर्षं जपलीत आम्ही."

"आणि मोठी माणसं काय करतात, भाऊ? सोंगट्या मारतात."

"तुम्हाला प्रत्येक गोष्टीत मोर्चाच दिसतो, ताई."

शेवटी मी पोरीला म्हटलं, दसऱ्याला कपाट उघडेल तेव्हा मागून घेऊ. तेव्हापासून तिचा एकच जप, दसरा कधी?

दसऱ्याला ती इस्त्रीचा फ्रॉक घालून आली. पुस्तकं मळू नयेत म्हणून हात साबणाने धुतलेले. माळ हौसाबाईनेच गुंफलेली. भाऊंनी पुस्तकं पाटावर मांडली, कुंकू लावलं, फोटोसाठी हात जोडले. अक्षदा सरळ पुढे गेली आणि तिने आपलं पुस्तक उचललं.

"ए, ए! ठेव खाली! पूजेतलं पुस्तक आज उचलत नाहीत."

"मग उद्या देणार?"

भाऊंनी फोटोवाल्याला खूण केली.

"उद्या तर कुलूप असतं," पोरगी म्हणाली.

माझं डोकं फिरलं. "उघड गं तू. बघते कोण हात लावतो ते."

तिने उघडलं. आतून भुसा सांडला, इस्त्रीच्या फ्रॉकवर. वाळवी! पाठ शाबूत, मुखपृष्ठ शाबूत, आत एक पान नाही. शेजारची पुस्तकंही तशीच. इतकी वर्षं ही माणसं वाळवीच्या घराला कुंकू लावत होती.

मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण हौसाबाई दारातूनच ओरडली, "पोर पानं फाडील म्हनत व्हता न्हवं? वाळवीला सांगितलं व्हतं का, बाई जपून खा म्हनून?"

अक्षदा रडली नाही. तिने भुसा झटकला. "यात काय होतं मला माहितीये. सांगू?" आणि ते पोकळ पुस्तक मांडीवर धरून, नसलेली पानं उलटत, तिने सगळी गोष्ट सांगितली. कॅरमवाले उठून ऐकायला आले. टाळ्या पडल्या. भाऊ फोटोवाल्याला म्हणाले, "घे रे, घे! काय कल्पनाशक्ती आहे पोरीची!"

मी कॅमेऱ्यासमोर उभी राहिले. "खबरदार! तुम्ही वाचू दिलं नाही म्हणून तिला रचावी लागली. टाळ्या कसल्या वाजवता?"

कुलूप मी पर्समध्ये टाकलं. ते आजही माझ्याकडे आहे. मागायला कुणी आलेलं नाही. खालच्या फळीवरची थोडी पुस्तकं वाळवीतून वाचली होती, ती अक्षदा आता फुलांच्या टोपलीशेजारी बसून वाचते. पण त्या दिवशी घरी जाताना तिने विचारलं, "ताई, त्यात खरं काय लिहिलं होतं?"

दुसऱ्या दिवशी मी हॉलमधल्या एकेकाला विचारलं. भाऊंनाही. निळ्या छत्रीच्या बेटावर काय होतं, कुणालाच माहीत नाही. एकानेही ते कधी वाचलं नव्हतं.