पाय थांबवा, ऐका

आवाजाआधी कंप येतो. एप्रिलच्या तापलेल्या संध्याकाळी मेहकरच्या आमच्या स्वयंपाकघरात फळीवरची स्टीलची झाकणं आधी थरथरतात, मग खिडकीची काच, मग जमिनीला टेकलेली टाच. गाणं कानाशी पोचतं ते सगळ्यांत शेवटी. जयंतीची मिरवणूक अजून दोन गल्ल्या लांब असते आणि अंगाला ती कळलेली असते. किती सरळ क्रम! मला मात्र तो कायम उलटाच वाटत आला.

मी व्यवस्थेची माणूस. माझ्या घरी हळदीच्या डब्यावरही चिठ्ठी असते, जणू हळद ओळखू येत नाही! मुलगी शिकायला पुण्याला गेली तेव्हा तिचे जुने इअरफोन आणि तिचं आवडतं संगीत माझ्याकडे राहिलं. शब्द नसलेलं, यंत्रांवर रचलेलं ते संगीत भाजी निवडताना ऐकता ऐकता मला आवडू लागलं, आणि आवडलं म्हणजे मी त्याला कप्पे केलेच. दर ठोक्याला पाऊल पडावं असं ते हाऊस. तेच कोरडं, लोखंडी झालं की टेक्नो. लाटेसारखं चढत जाणारं ते ट्रान्स. आणि ज्यात ठोकाच विरघळून जातो ते ॲम्बियंट. आमच्याकडे या सगळ्याला एकच शब्द आहे, डीजे. गाडी डीजे, गाडीवरचा पोरगा डीजे, वाजतं तेही डीजे. मला या गबाळेपणाचं हसू येई.

माझे मिस्टर एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. दिवसभर इंजिनाखाली आडवं झालेलं ते शरीर डीजेसमोर असं काही उभं राही, की गल्लीतली पोरं त्यांना जागा करून देत. दर जयंतीला गाडी आमच्या फाटकासमोर थांबे, ती बहुतेक त्यांच्यासाठीच. मी पाण्याचा जग घेऊन फाटकात उभी असे. घामाने निथळत ते मला हाताला धरून ओढत.

"चाल ना वं! उभी काऊन हायस?"

"हे धड हाऊस नाही नि धड टेक्नो नाही. नुसती भेसळ आहे."

"भेसळ तं भेसळ! नाव समजल्यावर पाय जास्ती उचलते काय?"

बायका खळखळून हसत, मीही हसे, आणि जग सावरत तिथेच राही.

मुलगी गेल्यावर घर फार शांत झालं. संध्याकाळी ओट्यावर बसून मी एक इअरफोन माझ्या कानात आणि दुसरा त्यांच्या कानात घालू लागले. "ओळखा पाहू?" त्यांचं उत्तर चुके, बोटं मात्र मांडीवर ठेका धरत, पायही हलू लागत. मला त्या हालचालीने नीट ऐकू येत नसे. "पाय थांबवा, ऐका," मी म्हणे. ते निमूट पाय दुमडून घेत. त्यांना माझ्याजवळ बसायला आवडत होतं. संगीत हे निमित्त होतं. हे तेव्हा कळायला हवं होतं.

हाऊस, टेक्नो ही नावं मुळात कुणी दिली असतील? माझ्यासारख्या बसून ऐकणाऱ्यांनी खासच नाहीत. रात्र रात्र नाचलेल्या कुणाला तरी वाटलं असेल, उद्याही हेच वाजावं, आणि मागायचं तर काही म्हणायला हवं. चवीने खाणाऱ्याने बरणीवर नाव लिहावं तसं. म्हणजे आधी घाम, मग नाव. मी नुसत्या बरण्या लावत बसले.

यंदाही गाडी फाटकासमोर थांबली. निळे झेंडे, पांढऱ्या साड्या, गुलालासारखी उडणारी धूळ. पोरांनी हाका मारल्या, "काका, या ना! तुमच्यासाठीच गाडी उभी केली!" ते माझ्याशेजारी उभे होते. मान किंचित कललेली, डोळे मिटलेले, हात मागे बांधलेले. मग माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "हाऊस हाय ना हे? टेक्नो नाही. बरोबर?"

बरोबर होतं. अगदी बरोबर. परीक्षेत पास झालेल्या पोराचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर होता, आणि मी त्यांच्या पायांकडे पाहत होते. चपला जमिनीला चिकटल्यासारख्या स्थिर.

मी जग खाली ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा त्या गर्दीत शिरले. हात कुठे न्यावेत कळेना, पाऊल ठोक्याच्या मागे पडे. बायकांनी आनंदाने ओरडत मला रिंगणात घेतलं. मी वळून त्यांना हाताने बोलावलं, दोनदा, तीनदा. "चला ना! या!"

ते फाटकातून हसले. कौतुकाने हसले. तर्जनी उचलून कानाला लावली आणि त्या गदारोळातही मला ऐकू येईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "तू नाच! मी ऐकून राह्यलो."