भोंग्यासाठी केलेला अल्बम

"पहिले भोंगावर आयकूत."

हे त्याचं वाक्य. कशाचंही रेकॉर्डिंग झालं, की हेडफोन काढून टेबलावर ठेवायचा, पायात चपला सरकवायचा आणि दुकानाबाहेर उभ्या असलेल्या रिक्षाकडे निघायचा. माईकसमोर तो नेहमी अनवाणी उभा राही. का, ते त्यालाही कधी सांगता आलं नाही. साड्यांचा सेल असो, दातांचं शिबिर असो, की कोणाच्या अंत्ययात्रेची वेळ असो, रिक्षाच्या टपावरच्या भोंग्यातून निघाल्याशिवाय तो कशालाच आवाज मानत नसे.

माझं दुकान जळगावात. रिक्षांवर लावायच्या जाहिराती रेकॉर्ड करून द्यायच्या, हा धंदा. एक खोली, एक कॉम्प्युटर, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना ठोकलेल्या मंडपवाल्याच्या जुन्या गाद्या. तो माझा निवेदक, मूळचा शिंदखेड्याकडचा. लग्नानंतर जळगावात आला आणि पुढची सगळी वर्षं त्या गाद्यांमध्ये उभा राहून बोलला. तुमच्यापैकी कोणी त्या काळात जळगावात राहिलं असेल, तर त्याला तुम्ही पाहिलं नसेल, पण ऐकलं नक्की असेल.

त्याची एक खोड होती. प्रत्येक वाक्य दोनदा म्हणायचा. मी चिडायचो, कारण अर्ध्या मिनिटाची जाहिरात एक मिनिटाची व्हायची. तो म्हणायचा, "भाऊ, रिक्षा चालती शे. एक घरले अर्धंच ऐकू येस. दोनदा सांगं का बठ्ठा घरेस्ले पुरं व्हई जास."

मी रावेरकडचा. आमची बोली वेगळी, त्यामुळे त्याचा एखादा शब्द मला विचारून घ्यावा लागे. दोनदा सांगितलं की सगळ्या घरांना पुरं पोचतं, हे मात्र न विचारता कळलं. फक्त त्याचा पुढे असा उपयोग होईल, हे माझ्या डोक्यात यायचं कारण नव्हतं.

एकदा शेवभाजीच्या एका नव्या हॉटेलची जाहिरात करता करता त्याची गाडी सुटली. लिहिलेलं संपलं तरी तो बोलतच राहिला. अहिराणीत, यमकं जुळवत, श्वास न घेता. हॉटेलमालकाची मिशी, तर्रीचा रंग, घाम पुसणारं गिऱ्हाईक, सगळं त्यात आलं. मी गंमत म्हणून खाली ढोल टाकला आणि ते इंटरनेटवर चढवलं. त्या लग्नसराईत धुळे-जळगावातली एकही वरात त्या गाण्याशिवाय हलली नाही. लोक त्याला रॅपर म्हणायला लागले. तो लाजून म्हणायचा, "कसाना रॅपर, भोंगावाला शे मी."

लोकांना दुसरी शेवभाजी हवी होती. निदान भरीत तरी. याने काय करावं? वर्षभर माझ्या खोलीत दुपारच्या रिकाम्या वेळात उभं राहून पूर्ण अल्बम केला. नाव ठेवलं 'कान दे'. त्यात नाचण्यासारखं काही नाही. एक गाणं मे महिन्यातल्या उन्हावर. एक त्याच्या मामाच्या बंद पडलेल्या मागावर. एका गाण्यात तर नुसती दुकानांची नावं, त्याच्या गावच्या बाजारातली, आता नसलेली. आणि प्रत्येक ओळ दोनदा.

मी सांगून पाहिलं. म्हटलं, "अरे, हे रॅप आहे, पाणीपट्टीची सूचना नाही. आणि भोंग्यावर ऐकून बेस कसा ठरवतोस? भोंग्यात बेस नसतोच." त्याने चपला सरकवल्या आणि तो रिक्षाकडे गेला. भोंग्यावर जे कर्कश वाटलं ते कमी केलं, जे ऐकू आलं नाही ते काढूनच टाकलं. म्हणजे ढोल गेला, बेस गेला, उरला तो आणि मागे टाळीसारखं काहीतरी.

जामनेरच्या एका लग्नात डीजेवाल्याने मोठ्या कौतुकाने त्यातलं पहिलं गाणं लावलं. आम्ही दोघंही वरातीत होतो. नाचणारे थांबले. हात वर केलेला एक जण हात तसेच ठेवून डीजेकडे बघत राहिला. कोणीतरी ओरडलं, "अरे, बातम्या काय लावल्यास!" अर्ध्या मिनिटात शेवभाजी परत सुरू झाली आणि लोक नाचायला लागले. त्याच्याच आवाजावर नाचायला लागले, हे त्याला बरं वाटलं की वाईट, मला समजलं नाही. तो शर्टाची कॉलर नीट करत म्हणाला, "सिस्टीम भलती मोठी शे त्यासनी."

इंटरनेटवर लोकांनी लिहिलं ते इथे सांगत नाही. सर्वांत सौम्य होतं ते असं, की भाऊ, डब्यात तोंड घालून गायलास का.

त्या अल्बमबद्दल तो नंतर एकदाच बोलला. सेलची जाहिरात झाली होती, चपला घालता घालता म्हणाला, "भाऊ, खरं सांग, वाईट शे का ते?"

मी म्हटलं, "बेस हवा होता."

"बेसनं नही इचारं मी," तो म्हणाला आणि बाहेर गेला. विषय संपला.

गेल्या उन्हाळ्यात कावीळ झाली आणि तो गेला. त्याच्या अंत्ययात्रेची सूचना माझ्याच खोलीत रेकॉर्ड झाली, दुसऱ्या एका निवेदकाच्या आवाजात. चांगला आवाज होता, शुद्ध. प्रत्येक वाक्य त्याने एकदाच म्हटलं. आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांना कोण गेलं ते दुसऱ्या दिवशी कळलं. मला त्या बिचाऱ्या निवेदकाचा फार राग आला होता, आणि त्याची काही चूक नव्हती.

आता मुद्द्यावर येतो. दिवाळीनंतर त्याची मुलगी दुकानात आली. धुळ्याला फार्मसी शिकते. बापाचा फोन तिच्याकडे आहे, म्हणजे इंटरनेटवर ती गाणी ठेवणं न ठेवणं तिच्या हातात. वर्गातल्या मुलांना अल्बम सापडला होता. डब्याचा विनोद पुन्हा निघाला होता.

"आई म्हणते, काढून टाक," ती म्हणाली. "माणूस गेला, आता तरी त्याचं हसं नको. मलाही तेच वाटतं. पण एकदा काढलं की गेलं. पप्पांनी दुसरी कॉपी ठेवलेली नाही, तुमचा जुना कॉम्प्युटर तर जळाला. काका, तुम्ही सांगाल तसं करते. फक्त खरं सांगा, चांगलं आहे का ते?"

बापाचाच प्रश्न. मी म्हटलं, मला थोडे दिवस दे.

आणि मग माझी जी पंचाईत झाली, ती तुम्हाला कशी सांगू? मी तो अल्बम पुन्हा ऐकायला घेतला. वाटलं होतं, आता एकदम उमगेल की हे थोर होतं आणि आपण सगळे बहिरे होतो. तसं काही झालं नाही. हेडफोनवर पहिलं गाणं ऐकलं, कान दुखले. मोबाईलवर ऐकलं, डबा आठवला. तिसरं गाणं प्रेमाचं आहे, त्यात केळी, वेळी आणि होळी अशी यमकं आहेत. ते तेव्हाही वाईट होतं, आजही आहे, त्यात काही बदल नाही. पण दुकानांच्या नावांचं जे गाणं मला रटाळ वाटलं होतं, तिथे मी अडकलो. ती नावं तो निधनाच्या सूचनेच्या सुरात घेतो. हे मी रेकॉर्ड केलं होतं, माझ्यासमोर उभा होता तो, आणि मला तो सूर ओळखता आला नव्हता. रेकॉर्डिंग करणारा माणूस शब्द ऐकत नाही हो, पडद्यावरच्या रेघा बघतो.

सकाळी वाटायचं, भारी आहे. जेवणानंतर वाटायचं, कशाचं भारी? आणि मधेच वाटायचं, मला त्याची आठवण येतेय, तेवढंच आहे हे. तो नाही म्हणून गाणं बरं वाटतंय, की गाणं बरंच होतं, हे वेगळं कसं करायचं? बायकोला विचारलं. ती म्हणाली, "आधी ते कानातलं काढा आणि गिरणीवर जाऊन या." मी गेलोही. पीठ दळून आणलं, डोक्यातला घोळ तसाच.

रविवारी त्याची मुलगी पुन्हा आली. माझं तोंड बघूनच तिला समजलं असावं. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "काका, पप्पा भोंग्यावर ऐकायचे ना? तसं ऐकू या का?"

रिक्षावाले चाचा बाहेरच होते. त्यांनी याचा आवाज वर्षानुवर्षं गावभर फिरवला होता. त्यांनी तिच्याकडचा फोन भोंग्याला जोडला, आम्ही दोघं मागे बसलो आणि रिक्षा निघाली. आत बसून तर आणखीच वाईट. डोक्यावर भोंगा, प्रत्येक ओळ दोनदा, खड्डे वेगळे. चाचांनी दोन गल्ल्या निमूट ऐकून घेतलं, मग मान मागे वळवून म्हणाले, "आवाज तो उसीच का है भाई, लेकिन ये बेच क्या रहा है?"

मुलगी हसली, पण तिचा चेहरा उतरला. तिने मनाशी काय ठरवलं असेल ते मला दिसत होतं. माझं डोकं ठणकत होतं. मी म्हटलं, मला इथे उतरवा, मी चहा घेतो, तुम्ही चक्कर मारून या.

चहाची टपरी बंद होती. मी कोपऱ्यावर नुसता उभा राहिलो. रिक्षा पुढच्या गल्लीतून वळून परत आली, तेव्हा शेवटचं गाणं चालू होतं. आधी लांबून नुसती कुजबुज आली. मग ती जवळ आली, शब्द सुटे झाले, आणि रिक्षा माझ्यासमोर आली तेव्हा एक ओळ मला पुरी मिळाली, अगदी माझ्या तोंडावर सांगितल्यासारखी. दुसऱ्यांदा म्हटली, तोवर रिक्षा शेजारच्या घरासमोर होती. ती ओळ आता त्या घराची झाली होती. पुढची ओळ त्याच्या पुढच्या घराची. भोंग्यात बेस नव्हता आणि त्याचा एकही शब्द हवेत विरघळत नव्हता.

म्हणजे हा अल्बम बसून ऐकायचा नव्हताच. वरातीत नाही, हेडफोनवर नाही. आपण आपल्या दारात थांबायचं आणि त्याने जाता जाता एक ओळ देऊन जायचं. तो हे मुद्दाम करून बसला होता, की त्याला गाणं म्हटलं की दुसरं काही सुचलंच नाही? मला अजूनही माहीत नाही. विचारायला तो नाही. आणि असा अल्बम करावा का कोणी? गिऱ्हाईक कुठून आणणार होता? मला त्याचा राग आला, आणि रस्त्यात उभ्या उभ्या डोळ्यांत पाणीही आलं, दोन्ही एकदमच.

तेवढ्यात समोरच्या घरातून एक बाई बाहेर आल्या. हाताला कणीक. गेलेल्या रिक्षाकडे पाहत त्यांनी मला विचारलं, "भाऊ, कोण येतंय?"

"काय?"

"आत्ता सांगत गेला ना तो. 'दार उघडं ठेवजो माय, मी ई राहिनू.' कोण येतंय?"

मी म्हटलं, "कोणी नाही हो. गाणं आहे ते."

"गाणं?" बाई माझ्यावरच रागावल्या. "मग असं खऱ्यासारखं कशाला सांगायचं माणसानं?" आणि आत गेल्या.

रिक्षा वळण घेऊन माझ्यापाशी थांबली. चाचांनी आवाज बंद केला. मुलगी खाली उतरली, हातात बापाचा फोन. "सांगा आता," ती म्हणाली.

"काढू नकोस," मी म्हटलं.

"चांगलं आहे?"

"ते मला नाही सांगता येत. तिसरं गाणं तर नक्की वाईट आहे. पण काढू नकोस."

"का?"

मी तिला त्या बाईंचं सांगितलं. जसं झालं तसं, माझ्यावर ओरडल्या त्यासकट. ती आधी हसली. मग फोन पर्समध्ये टाकून चेन लावली.

"कोणतं घर?" तिने विचारलं.

मी बोटाने दाखवलं. आत बाईंचा पोळ्या लाटण्याचा आवाज येत होता. त्यांनी दार लावलेलं नव्हतं. ती पोर रस्त्याच्या मधोमध उभी राहून त्या उघड्या दाराकडे कितीतरी वेळ बघत राहिली, आणि चाचांनीही रिक्षा सुरू केली नाही.