लाल सुईचा रिपोर्ट

आमच्या दवाखान्यात किस्से कुणी गोळा करत नाही, ते आपोआप साचतात. दिवसभर रक्त काढता काढता कानावर काय काय पडतं म्हणून सांगू! घरी जाऊन एक सांगायला बसावं, तर मागून चार येतात.

झाशीत खंडेराव गेटजवळ सप्रे डॉक्टरांचा मनोविकारांचा दवाखाना आहे. मी तिथली रक्त काढणारी शोभा. बावीस वर्षं झाली. म्हातारा पेशंट आला, मग तो उदास असो, भ्रमात असो की विसरभोळा, डॉक्टर त्याचं बी-ट्वेल्व व्हिटॅमिन तपासायला लावतातच, ते कमी पडलं तरी डोकं बिघडतं. त्यांचं म्हणणं एकच, "डोक्याचा पेशंट म्हटला की त्याचे पायसुद्धा डोक्यातच आहेत असं धरून चालतात लोक! शरीर कोणी बघतच नाही."

* * *

एक काकू होत्या, सारखी धास्ती वाटण्याचा त्रास. शुगरही बघायची होती म्हणून मी बजावलं, "उद्या सकाळी काहीही न खाता या." दुसऱ्या दिवशी फोन, "आजच्याऐवजी गुरुवारी येते गं, माझा गुरुवार असतोच."

गुरुवारी आल्या. सुई टोचणार तेवढ्यात छानसा ढेकर दिला. मी म्हटलं, "काकू, काही खाल्लंत का?"

"छे! उपास आहे ना! साबुदाण्याची खिचडी, थोडं रताळं आणि वाटीभर दही. बस!"

मी सुई खाली ठेवली आणि त्यांना शुक्रवारी बोलावलं.

* * *

दाजी संगीताचे मास्तर. रिटायर झाल्यावर मन खचलं, आठ-आठ दिवस बोलायचे नाहीत. डॉक्टरांकडे लोखंडाचा एक चिमटा असतो, तो ठोकला की थरथरतो. पायाच्या हाडावर टेकवून विचारायचं, थरथर कळते का? बी-ट्वेल्व कमी झालं की नसा कमजोर होतात आणि ती कळेनाशी होते.

डॉक्टरांनी चिमटा ठोकून दाजींच्या अंगठ्यावर टेकवला. "काही कळतंय?"

दाजींनी डोळे मिटले. मग म्हणाले, "कळतंय. सुरात नाहीये."

"अहो, कानाने नाही, पायाने सांगा!"

"पाय? पायावर ठेवलाय होय!"

डॉक्टरांना तपासणी मिळाली आणि दाजींच्या बायकोला आठ दिवसांनी नवऱ्याचा आवाज ऐकायला मिळाला. ती माउली तिथेच रडायला लागली.

* * *

दतिया गेटचं एक जोडपं. वहिनींना उदासीचा आजार, शिवाय पायांना मुंग्या. डॉक्टरांनी दोघांचं रक्त मागवलं, म्हणाले एकाच चुलीवरचं शाकाहारी खाणारी माणसं, दोघांचंही कमीच निघेल. वहिनी अभिमानाने सांगत होत्या, "आमच्याकडे अंडं सोडा, कांदासुद्धा येत नाही!"

रिपोर्ट आला. वहिनींचं बी-ट्वेल्व तळाला, त्यांच्या नवऱ्याचं, भाऊसाहेबांचं, एकदम फर्स्ट क्लास!

"हे कसं काय?" वहिनी रिपोर्टाकडे बघत राहिल्या. "एका पातेल्यातलं खातो आम्ही!"

भाऊसाहेबांनी डॉक्टरांकडे असं बघितलं, की मलाच दया आली. रोज सकाळी फिरायला जातात ते. कोपऱ्यावरच्या आम्लेटच्या गाडीवर मी त्यांना दोनदा बघितलंय!

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "वहिनी, सकाळची हवा मानवते एकेकाला." पण वहिनी काय कच्च्या गुरूच्या चेल्या? "बरं तर! उद्यापासून मीही येते फिरायला."

* * *

आता माईंचं सांगते. माई झाशीजवळच्या मोठ गावाहून बसने यायच्या. वय एकाहत्तर. तीस वर्षं त्यांना कानात कोणी बोलल्याचे आवाज येण्याचा आजार, पण गोळीवर छान चाललं होतं. स्वयंपाक करायच्या, बाजारात भाव करायच्या. मग वर्षभरात सगळं बिघडलं. तोल जायला लागला, गॅस चालूच राहायचा, मुलाला, म्हणजे रवीला, आपला भाऊ समजायच्या.

रवी वाईट नाही हो, पण थकला होता. त्याने एका आश्रमात बोलणं करून ठेवलं होतं. म्हणाला, "एकदा तुम्ही बघून घ्या डॉक्टरसाहेब, मग मी माईला सोडून येतो." रक्त काढताना माईंनी माझं मनगट घट्ट धरलं. "पोरी, मला घरीच राहायचंय गं."

रिपोर्ट आला तर बी-ट्वेल्व कमी नाहीच, उलट भरमसाट! रवीने खांदे पाडले. "देखिए, विटामिन तो भरपूर है. उमर झाली, आणि बीमारी तर पुरानी आहेच."

पण मला पटेना. माईंची जीभ लालबुंद, गुळगुळीत. रक्तातल्या तांबड्या पेशी फुगलेल्या. ही तर बी-ट्वेल्व कमी असल्याचीच लक्षणं. मी विचारलं, "रवी भैया, तोल जातो म्हणता, मग रक्त द्यायला आलात त्या दिवशी माई बसमध्ये चढल्या कशा?"

"म्हणूनच तर आदल्या दिवशी कंपाउंडरकडून ताकत की सुई लावून घेतली ना, लाल वाली! बडे डॉक्टर के पास जाना था, जरा ठीक दिसायला नको?"

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "अरे बाबा, ती लाल सुई म्हणजेच बी-ट्वेल्व! हा रिपोर्ट माईंचा नाही, सुईचा आहे!"

आमच्याकडे पद्धतच आहे, मोठ्या डॉक्टरकडे नेण्याआधी पेशंटला सजवून न्यायचं. एका सुईने आकडा चढतो, नसा काही एका रात्रीत सुधारत नाहीत. डॉक्टरांनी सुयांचा पूर्ण कोर्स लिहिला, जुनी गोळी चालूच ठेवली आणि रवीला म्हणाले, "तीन महिने दे मला. तोवर आश्रमाचं नाव काढायचं नाही."

* * *

दीड महिन्याने माई भिंत न धरता चालत आत आल्या. डॉक्टरांनी नेहमीचं विचारलं, "माई, आवाज येतात का अजून?"

"येतात की. परवा म्हणाले, म्हातारे, दूध उतू चाललंय."

"मग?"

"मग काय? उठून बघितलं, तर खरंच चाललं होतं! वेळेवर बोलले हो बिचारे."

डॉक्टरांनी फाइलमध्ये काय लिहिलं, देव जाणे.

* * *

तीन महिने पुरे झाले त्या दिवशी माई इस्त्रीची साडी नेसून आल्या, मागे रवी. माझा जीव टांगणीला. डॉक्टरांनी विचारलं, "माई, आज वार कोणता?"

"शनिवार. मागच्या वेळीही हेच विचारलंत. तुमच्या लक्षात राहत नाही का?"

मी हसले, डॉक्टर हसले. माई मात्र गंभीर. "माझं राहू द्या हो, आज याचं रक्त घ्या. मला काळजी वाटते."

"रवीचं? का, काय झालं?"

"सकाळी विचारलं, आश्रमात न्यायला माझी बॅग भरली होतीस, ती कुठे ठेवलीस? तर म्हणतो, कोणती बॅग, माई? मला तर काहीच आठवत नाही!"

रवीने एकदा आईकडे बघितलं, मग मुकाट्याने माझ्यासमोरच्या स्टुलावर बसला आणि शर्टाची बाही वर केली.